मोडीचा फॉन्ट फोनवर आला, मग ट्रंकेतला कागद अजून का वाचता येत नाही?

हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी अवतार. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे', 'अं' आणि मधे भुंकलेलं कुत्रं काढून टाकलंय, बाकी मजकूर तोच. अक्षरांबद्दल ऑडिओवर बोलणं म्हणजे जेवणाचा वास फोनवरून पाठवण्यासारखं आहे, त्यामुळे या भागाचा लेख करायलाच हवा होता.

सुरुवात इन्स्टाग्रामपासून करू. तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये एक तरी मित्र असा असणार ज्याने बायोमध्ये आपलं इंग्रजी नाव त्या जाड, टोकदार, जुन्या चर्चच्या दारावर शोभेल अशा अक्षरांत लिहिलंय. रॅपरच्या टी-शर्टवर, मेटल बँडच्या पोस्टरवर, टॅटूच्या दुकानातल्या अल्बममध्ये तेच अक्षर. न्यू यॉर्क टाइम्स या पेपरच्या नावातही तेच. आपण त्याला सरसकट 'गॉथिक' म्हणतो. जाणकार लोक म्हणतात ब्लॅकलेटर, म्हणजे काळं अक्षर. पान लांबून बघितलं तर कागदापेक्षा शाईच जास्त दिसते, म्हणून काळं.

हे अक्षर कुणी डिझाइन करायला बसलं नव्हतं. ते लेखणीतून आलं. युरोपात हंसाच्या पिसाची लेखणी रुंद टोकाची कापायचे. ती एका कोनात धरली की उभी रेघ जाड, तिरकी रेघ केसासारखी बारीक. कातडं महाग, म्हणून अक्षरं खेटून लिहायची. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापलं तेव्हा त्याने हाताने लिहिलेल्या पोथीचीच नक्कल शिशाच्या खिळ्यांत केली, कारण वाचकाला पुस्तक म्हणजे तसंच दिसणं माहीत होतं. पुढे बाकीचा युरोप आजच्या साध्या रोमन अक्षराकडे वळला, पण जर्मनी अडून राहिली. तिथे ब्लॅकलेटरचा 'फ्राक्टुर' हा प्रकार विसाव्या शतकापर्यंत रोजच्या पुस्तकांत होता.

आणि मग ३ जानेवारी १९४१ ला नाझी सरकारनेच एक परिपत्रक काढून तो बंद केला. हो, बंद केला. सिनेमात नाझींच्या मागे कायम तीच अक्षरं दिसतात, त्यामुळे हे ऐकून लोक दचकतात. कारण दिलं होतं की ही ज्यूंची अक्षरं आहेत, जे धादांत खोटं होतं. त्या वेळी जर्मनी अर्धा युरोप बळकावून बसली होती आणि तिथल्या लोकांना हे अक्षर वाचता येत नव्हतं, ही व्यवहाराची बाजू होतीच. त्याच फटक्यात शाळेतलं जुनं जर्मन हस्ताक्षरही गेलं. परिणाम काय, तर आज जर्मनीतल्या नातवाला आजीची पत्रं वाचता येत नाहीत. भाषा तीच, शब्द तेच, पण अक्षर परकं.

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

तुमच्या मित्राच्या बायोमधलं गॉथिक हा खरं तर फॉन्ट नाहीच. इन्स्टाग्राम बायोमध्ये फॉन्ट बदलू देत नाही. तिथे वापरलेली असतात गणिताची चिन्हं. गणिती लोक फ्राक्टुर अक्षरं विशिष्ट अर्थाने वापरतात, म्हणून युनिकोडने त्यांना वेगळे नंबर दिले. 'स्टायलिश टेक्स्ट' वाली ॲप्स तुमचं नाव त्या गणिती चिन्हांत बदलून देतात. डोळ्यांना नाव दिसतं, पण कंप्युटरला तिथे नाव दिसत नाही. अंध माणसाचा स्क्रीन रीडर ते एकेक चिन्ह 'गणिती फ्राक्टुर अमुक' असं वाचतो किंवा सरळ गाळून टाकतो. म्हणजे दिसणं आणि असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे रोज भेटतं, पण अक्षरांच्या बाबतीत ते इतकं स्वच्छ दिसतं की उदाहरण म्हणून मला फार आवडतं.

आता खऱ्या फॉन्टकडे. 'युनिफ्राक्टुर मागुंटिया' नावाचा एक मोफत फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहे. मागुंटिया म्हणजे माइंत्स, गुटेनबर्गचं गाव. कार्ल आल्बर्ट फारेनवाल्ट नावाच्या माणसाने १९०१ मध्ये धातूच्या छपाईसाठी एक फ्राक्टुर बनवला होता. पेटर विगेलने त्याचा डिजिटल फॉन्ट केला आणि त्यावरून पुढे हा युनिकोडवाला फॉन्ट तयार झाला. जुन्या छपाईत 'एस'ची दोन रूपं असायची, शब्दाच्या आत लांब आणि शेवटी आखूड. काही अक्षरं एकमेकांना जोडून यायची. हा फॉन्ट ते सगळं करतो. पण आजच्या माणसाला जुने 'के', 'एक्स', 'वाय' ओळखूच येत नाहीत, म्हणून त्यात एक सोय अशीही ठेवलीय की हवं तर अवघड अक्षरांच्या जागी सोपी येतील. जुनं अक्षर परत आणणाऱ्या प्रत्येकासमोर हाच पेच असतो: जसं होतं तसं ठेवायचं, की वाचता येईल असं करायचं?

आपल्याकडे ब्लॅकलेटरचा अगदी सख्खा भाऊ शोधायचा तर तो जैन पोथ्यांमध्ये सापडतो. कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतली देवनागरी बघा. रुंद टोकाची लेखणी, जाड, चौकोनी, खेटून बसलेली अक्षरं. मुंबईच्या एक टाइप या गटाने 'जैनी' नावाचा फॉन्ट केलाय, तो १५०३ सालच्या एका कल्पसूत्राच्या पोथीवरून. गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे यांचं हे काम. त्यांनीही वरचा पेच सोडवलाय, तो दोन फॉन्ट करून. 'जैनी पूर्व' मध्ये पोथीतली जुनी वळणं, आणि साध्या 'जैनी' मध्ये तोच बाज पण अक्षरं आजची. लग्नपत्रिकेपासून पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत कुठेही लावा, मोफत आहे.

हा भाग इथेच संपवता आला असता. पण जैनीमध्ये आपलं काही अडकलेलं नाही. पोथी देवनागरीतच आहे, थोडा प्रयत्न केला तर कुणीही वाचेल. जर्मन आजीच्या पत्रासारखं आपलं जे अडकलंय ते मोडीत अडकलंय.

मोडी तुम्हाला माहीत आहे, निदान नाव तरी. ही ब्लॅकलेटरसारखी ग्रंथाची लिपी नव्हती, उलट रोजच्या कामाची होती. पोथ्या, स्तोत्रं, शास्त्र यासाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी. हिशोब, हुकूम, कर्जरोखे, खरेदीखत, पाटलाला पाठवलेली ताकीद यासाठी मोडी. परंपरेने श्रेय देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री उर्फ हेमाडपंताला देतात. हात न उचलता भराभर लिहायचं म्हणून अक्षरं मोडली, मुरडली. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहिणारे सहसा करत नसत. शिवकाळात आणि पेशवाईत बोरूने लिहायचे, इंग्रजांच्या काळात टाक आला आणि अक्षर अजून बारीक, अजून तिरकं झालं. पेशवाईतली मोडी त्या मानाने फार देखणी. इंग्रजी अमदानीतल्या कारकुनाची मोडी बघितली की डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन बरं वाटतं.

मोडीचे खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, बनले होते हे मात्र फार लोकांना माहीत नसतं. आणि ते बनले कुठे, तर बंगालमध्ये. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याचा छापखाना होता. त्याचं मराठी व्याकरण १८०५ ला आलं आणि मराठी शब्दकोश १८१० ला. या कोशातली मराठी मोडीच्या टाइपात छापलीय. कॅरीचा हिशोब सरळ होता: मराठी माणूस व्यवहारात जे अक्षर वापरतो, त्यात छापा.

पण धातूत मोडी नीट बसली नाही. एक खिळा म्हणजे एक अक्षर, दुसऱ्यापासून सुटं. मोडीचा तर जीवच जोडण्यात आहे. काना लागला की काही व्यंजनांचं रूप बदलतं, उकार लागला की वेगळं, 'र' शेजारी आला की आणखी वेगळं. प्रत्येक जोडणीचा वेगळा खिळा पाडायचा म्हटलं तर खिळ्यांच्या पेट्यांनी खोली भरेल. त्यापेक्षा शिळाछाप सोपा पडला: दगडावर हाताने लिहा आणि त्यावरून छापा, अक्षर कसंही वळू दे. मुंबईत छापील पुस्तकांसाठी बाळबोध स्थिरावली आणि मोडी कचेरीत राहिली. १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी बाळबोध मुख्य ठरवली. त्यानंतरही काही दशकं मोडी शाळेत शिकवली जात होती, जुनी माणसं पत्रं आणि हिशोब तिच्यातच लिहीत होती. मग तीही थांबली. जर्मनीसारखा एका दिवसाचा हुकूम नव्हे, एकेक पिढी गळत गेली. शेवट मात्र तोच.

आता यात सॉफ्टवेअर कुठे येतं ते बघू.

कंप्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर देण्याचं काम युनिकोड करतं. देवनागरी 'अ' चा नंबर ०९०५. मोडीला युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत जागा मिळाली, जून २०१४ मध्ये. अंशुमान पांडे या अभ्यासकाने त्यासाठी सविस्तर प्रस्ताव दिला होता. मोडीचा 'अ' ११६०० वर बसला. (हे नंबर सोळाच्या पाढ्यातले आहेत, नेहमीच्या दशमानातले नव्हेत.) एकूण ७९ चिन्हं: स्वर, व्यंजनं, मात्रा, दंड, संक्षेपाची खूण आणि दहा आकडे.

आमच्या जुन्नरकरांसाठी एक गंमत. आपल्या तालुक्यात नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्या ब्राह्मीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१० साली, ज्या आवृत्तीत शेकडो इमोजी आले त्याच आवृत्तीत. आणि आपल्या पणजोबांच्या सहीची लिपी त्यानंतर चार वर्षांनी आली. जितकं जुनं तितकं लोकांना त्याचं कौतुक जास्त. जवळचं कोण बघतो?

नंबर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. मोडीची जागा युनिकोडच्या मूळ पहिल्या पट्ट्यात नाही, नंतर वाढवलेल्या भागात आहे. इमोजी राहतात त्याच बाजूला. देवनागरी अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, मोडीला चार. ज्यांनी जुन्या डेटाबेसवर काम केलंय त्यांना हे कुठे टोचतं ते लगेच कळेल. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जो जुना प्रकार आहे त्यात फक्त तीन बाइटपर्यंतची अक्षरं मावतात. तिथे इमोजी साठवता येत नाही आणि मोडीही नाही. उद्या कुणी गावच्या जुन्या नोंदींचं ॲप बनवलं आणि ही एक सेटिंग चुकली, तर मोडीचं अख्खं वाक्य साठवतानाच गळून पडेल. खरं सांगायचं तर इमोजींनी मोडीवर उपकार केलेत. लोकांना चॅटमध्ये हसरा चेहरा हवा होता, म्हणून जगभरच्या इंजिनिअरांनी चार बाइटची सोय केली, आणि त्याच दारातून मोडीही आत आली.

दुसरा टप्पा जोडणीचा. खिळ्यांना जे जमलं नाही ते फॉन्टला जमतं. आजच्या फॉन्टमध्ये नुसते आकार नसतात, नियमही असतात: अमुक अक्षरापुढे अमुक मात्रा आली तर हा आकार काढ आणि तो बसव. हे नियम वाचून अक्षरं जुळवणारं इंजिन फोनमध्ये वेगळं असतं. पूर्वी प्रत्येक लिपीसाठी त्यात खास कोड लिहावा लागायचा, देवनागरीला वेगळा, तमिळला वेगळा. विंडोज १० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने सगळ्या उरलेल्या लिप्यांसाठी एकच सामाईक पद्धत आणली आणि अँड्रॉइड ज्यावर चालतं त्या हार्फबझनेही ती घेतली. त्यामुळे मोडीसाठी कुणी स्वतंत्र इंजिन लिहायची वाट बघावी लागली नाही. गूगलच्या नोटो मालिकेत 'नोटो सॅन्स मोडी' आहे, मोफत. देवनागरीतून मोडीत आणि उलट रूपांतर करायला 'अक्षरमुख' नावाचं विनोद राजन यांचं वेब टूल आहे, तेही मोफत. पुण्यातल्या बसमध्ये बसून तुम्ही आज मोडीत मेसेज लिहू शकता. समोरच्याच्या फोनमध्ये फॉन्ट नसला तर त्याला चौकोनांची रांग दिसेल, एवढंच. म्हणूनच या लेखात मी एकही मोडी अक्षर टाकलेलं नाही.

आता मूळ वादाचा मुद्दा. फ्राक्टुर आणि रोमन यांना युनिकोडने एकच धरलंय. 'ए' म्हणजे 'ए', नंबर एकच, फॉन्ट बदलला की वेष बदलतो. (गणितवाली चिन्हं वेगळी, ते आधी बोललो.) मग मोडी आणि देवनागरीचं तसंच का नाही केलं? मराठी तर तीच आहे ना? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय आणि तो रास्त आहे. वेगळा नंबर दिल्यामुळे तोटा असा की देवनागरीत 'निमगाव' शोधलं तर मोडीत टाइप केलेलं 'निमगाव' सापडत नाही. कंप्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

तरी माझं मत वेगळ्या नंबरच्या बाजूने आहे, आणि कारण ऱ्हस्व-दीर्घात आहे. जुन्या कागदात लेखकाने इकार एकाच पद्धतीने काढलाय. देवनागरीत उतरवताना तुम्हाला ठरवावं लागतं, पहिली की दुसरी. शब्द सुटे करावे लागतात. म्हणजे लिप्यंतर करणारा माणूस प्रत्येक ओळीत स्वतःचे निर्णय घालत असतो, आणि ते निर्णय मग मूळ मजकुरासारखेच दिसतात. मोडी मोडीच्याच नंबरांत साठवली तर कागदावर काय होतं ते एका बाजूला राहतं आणि आपण काय वाचलं ते दुसऱ्या बाजूला. जमिनीच्या कागदात हा फरक शोभेचा नसतो.

बाजारात मोडीचे जे बरेच फॉन्ट फिरतात त्यांचं काय? त्यात दोन जाती आहेत. एकात मोडीचे आकार देवनागरीच्या नंबरांवर चढवलेले असतात. मजकूर देवनागरीच, वेष मोडीचा. हे मला चालतं. दुकानाची पाटी, शिवजयंतीचं बॅनर, टी-शर्ट, वहीचं कव्हर, खुशाल करा. फॉन्ट गेला तरी खाली देवनागरी उरते, काही हरवत नाही. दुसऱ्या जातीत आकार इंग्रजी कीबोर्डच्या अक्षरांवर चढवलेले असतात. हे टाळा. डीटीपीवाल्याकडून आलेली जुनी मराठी फाइल तुमच्या कंप्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि टिंबांचा जो काला दिसतो, तोच प्रकार. फॉन्ट हरवला की मजकूर मेला. एकदा हरवलेली लिपी दुसऱ्यांदा हरवायची ही पक्की सोय, आणि या वेळी वाळवीसुद्धा लागणार नाही. ओळखायचं कसं? टाइप केलेलं कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. देवनागरी दिसली तर पहिली जात. मोडी किंवा चौकोन दिसले तर खरी युनिकोड मोडी. इंग्रजी कचरा दिसला तर तो फॉन्ट काढून टाका.

एवढं सगळं झालं, फॉन्ट आला, टाइप करता आलं. मग आजोबांच्या ट्रंकेतला कागद का वाचता येत नाही?

कारण फॉन्टमधली मोडी ही शाळेच्या फळ्यावरची मोडी आहे. प्रत्येक 'क' दुसऱ्या 'क' सारखा. कागदावरची मोडी एका विशिष्ट माणसाच्या हाताची आहे. त्याला घाई होती, बोरू झिजला होता, कागद संपत आला म्हणून शेवटच्या चार ओळी त्याने समासात कोंबल्यात. समजा मजकूर आहे 'मौजे निमगाव प्रांत जुन्नर'. कागदावर तो असा येणार: मौजेनिमगावप्रांतजुन्नर. हे देवनागरीत आहे म्हणून तुम्ही वाचलंत. आता यातली तीन अक्षरं एकसारखी दिसताहेत, एक पुसट आहे आणि अनुस्वार दिलेलाच नाही, असं समजा. त्यातून निमगाव किती आहेत! आमचं निमगाव सावा. जुन्नर तालुक्यातच निमगाव तर्फे म्हाळुंगे. खेड तालुक्यात खंडोबाचं निमगाव. कागदात पुढचा एक शब्द चुकीचा वाचला गेला तर जमीन दुसऱ्याच गावात जाते.

शिवाय अक्षर लागलं तरी शब्द लागेलच असं नाही. 'बिन' म्हणजे बिनधास्त मधला बिन नव्हे, अमक्याचा मुलगा. 'मौजे' म्हणजे गाव. 'राजश्री' सारखे शब्द पहिल्या अक्षरावर आणि एका खुणेवर उरकलेले असतात. तारीख शकात, फसलीत किंवा शुहूर सनात. शकात ७८ मिळवा, आपल्याकडच्या फसलीत ५९०, शुहूरमध्ये साधारण ५९९ किंवा ६००, तेव्हा इंग्रजी साल येतं. हे फॉन्ट शिकवत नाही.

याचं मोल किती ते २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तालुक्या-तालुक्यात जुनी दप्तरं उघडली गेली. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, क-ड-ई पत्रकं, जुने हक्कनोंदींचे कागद. बरंच काही मोडीत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, चित्र असं होतं की एका घराण्याचं भवितव्य एका ओळीत लिहिलेलं आहे, ओळ डोळ्यासमोर आहे, आणि कचेरीतल्या कुणालाच ती वाचता येत नाही. मोडी वाचणाऱ्या माणसांना अचानक सगळीकडून फोन यायला लागले. आणि पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दफ्तरात, कापडी रुमालांत बांधलेले जे ढीग आहेत त्यांचं तर अजून बोललोच नाही. दूर तंजावरला भोसल्यांच्या दरबाराची मोडी कागदपत्रं आहेत, ती वेगळीच.

'एआयला दे ना वाचायला', असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. प्रयत्न चालू आहेत आणि चांगले आहेत. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या गटाने पुण्यातल्या संस्थांच्या साथीने मोडी पानाचं थेट देवनागरी करणारं मॉडेल मांडलं. त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीच्या दोन हजारांवर प्रतिमा आणि त्यांचं लिप्यंतर असा संच तयार केला. मशीन लर्निंगच्या हिशोबाने दोन हजार म्हणजे चिमूटभर. इथे फॉन्ट उपयोगी पडू शकतो: फॉन्टने लाखो ओळी छापायच्या, त्या वाकवायच्या, डाग पाडायचे, आणि मशीनला सरावाला द्यायच्या. पण शेवटी मशीनला खऱ्या माणसांचे खरे हात बघावे लागतात, आणि प्रत्येक पानाचं बरोबर उत्तर आधी कुणीतरी वाचून द्यावं लागतं. म्हणजे मशीन शिकवायलाही मोडी वाचणारा माणूसच लागतो.

फॉन्टचा खरा उपयोग मला इथे दिसतो: पहिली पायरी म्हणून. अक्षरओळख फोनवर, फॉन्टवरून करा. दोन आठवडे रोज दहा मिनिटं, आपल्या घरातल्यांची नावं, गावाचं नाव, शेताचं नाव मोडीत टाइप करून वाचा. आधी आकडे घ्या, ते देवनागरीच्या जवळचे आहेत. मग हाताने लिहा, शिरोरेघ आधी ओढून, पेन न उचलता. लिहिल्याशिवाय मोडी वाचता येत नाही, कारण अक्षराचा आकार हात कुठून कुठे गेला त्यात आहे. त्यानंतरच जुन्या कागदाकडे वळा, आणि शक्यतो पेशवाईतल्या स्वच्छ पत्रापासून सुरुवात करा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथे गेलात तर शब्द आणि सनावळी नीट कळतील.

घरात कागद असतील तर तोवर एवढं करा. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही आणि कागद आतल्या आत सडतो. सेलोटेप नको. खिडकीजवळ, उन्हात नव्हे, सावलीच्या उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, कोरी वाटली तरी मागची बाजू घ्याच. स्कॅनर ॲपचा काळा-पांढरा फिल्टर बंद ठेवा, तो पुसट शाईला डाग समजून उडवतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर बारीक रेघा जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला नाव देताना कागद कुणाच्या ट्रंकेतून निघाला ते लिहा. कायद्याच्या कामाला लिप्यंतर लागणार असेल तर जाणकार मोडी वाचकाकडूनच करून घ्या, ॲपच्या भरवशावर कचेरीत जाऊ नका.

आणि एक काम माझं करा. अक्षरमुखावर जाऊन आपल्या गावाचं नाव मोडीत करून स्वतःलाच पाठवा. चौकोन दिसले तर फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती मला कळवा. कुठल्या फोनवर मोडी दिसते आणि कुठल्या नाही याची यादी करतोय, पुढच्या भागाच्या खाली लावेन.